वेशीच्या आत राहिलेलं पुस्तक

माझ्या आवडत्या कादंबरीकाराचं पुस्तक वाचणं म्हणजे कुर्ल्या खाण्यासारखं आहे. घाई असेल त्यानं त्या वाटेला जाऊच नये. नांगी फोडायची, चोखायची, पुन्हा फोडायची, आणि हाती लागतं ते नखाएवढं. पण त्या नखाएवढ्याची चव दिवसभर जिभेवर राहते. हे मी एकदा आमच्याकडे उतरलेल्या पुण्याच्या एका बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अय्या, म्हणजे ते फिलॉसॉफिकल लिहितात का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मला बाई वाचून फ्रेश वाटायला हवं." मी त्यांना आणखी एक वाटी सोलकढी वाढली आणि आत निघून आले.

आमचं घर म्हणजे आता होम स्टे आहे. मालवणच्या वरच्या अंगाला, आचऱ्याच्या बाजूचं गाव. समोर माड, माडांपलीकडे समुद्र, आणि मागच्या बाजूला मी. येणाऱ्यांना समुद्र दिसतो, मी दिसत नाही. मी स्वयंपाकघरात असते. सकाळी घावणे, दुपारी माशाचं जेवण, संध्याकाळी भजी, रात्री पुन्हा मासे. लोक जाताना "काकू, हाताला काय चव आहे!" म्हणतात. हाताला चव आहे हे मला ठाऊक आहे. डोक्यालाही आहे, पण तिची विचारपूस करायला कुणी चारशे किलोमीटर गाडी चालवत येत नाही.

माझं माहेर वैभववाडीकडचं, घाटाच्या पायथ्याचं. वडील हायस्कूलात मास्तर होते. तिथल्या वाचनालयात या लेखकाची पहिली कादंबरी आली होती आणि ज्यानं ज्यानं नेली त्यानं दुसऱ्या दिवशी परत आणून दिली होती. वडिलांना अशा पुस्तकांची दया यायची. त्यांनी ते घरी आणलं, रात्री वाचलं आणि सकाळी माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणाले, "वाच. नाही कळलं तरी वाच. हा माणूस आपल्याला मूर्ख समजत नाही." तेव्हा मी कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करत होते. तिकडे पुस्तकांत मोठमोठ्या शब्दांचे डोंगर होते. इथे एक कंपाउंडर होता, गोळ्या मोजत बसलेला, आणि गोळ्या मोजता मोजता स्वतःला विचारत होता की वर्षभर एकही खोटं बोललो नाही तर माझं काय होईल. मी त्या दिवशी जेवायला उठले नाही. आईनं हाका मारून मारून शेवटी ताट झाकून ठेवलं.

त्याच्या लिखाणात काय आहे, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही, याचा मला राग येतो. गोष्ट म्हणावी तर थोडीच. माणसं काही मोठं करत नाहीत. कुणी शेंगा सोलतं, कुणी छपराचं कौल बदलतं, आणि बोलता बोलता एखादा साधा माणूस असा प्रश्न विचारतो की वाचणाऱ्याचा हात पानावरच राहतो. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर फसवणूक कुणाची झाली? आपण ज्याला माफ केलं त्याला ते कळलंच नाही, तर माफी झाली का? त्याची वाक्यं लांब असतात, पण कंटाळवाणी नाहीत. शेवटच्या क्रियापदापर्यंत तो आपल्याला बोटाला धरून नेतो आणि तिथे हळूच हात सोडतो. शिवाय तो खट्याळ आहे. दुःखाच्या ऐन पानावर एखादी म्हातारी येते आणि लोणच्याची चौकशी करते. मी अशा जागी एकटीच मोठ्यानं हसलेली आहे, आणि घरच्यांनी दारातून डोकावून पाहिलेलं आहे.

आणि बरोबर कोण, हे तो कधीच सांगत नाही. यातच खरी मजा आहे, पण या मजेची एक अडचण आहे. तिला दुसरा माणूस लागतो. एकटीनं वाचलं की प्रश्न तसाच डोक्यात फिरत राहतो, खोबरं किसताना, भांडी घासताना. समोर कुणीतरी लागतं, ज्याला "नाही, तुझं चुकतंय" म्हणता येईल. माहेरी वडील होते. लग्न ठरलं तेव्हा मला नवऱ्या मुलाच्या रंगाची, घरच्या बागेची, सासूच्या स्वभावाची कसलीच काळजी वाटली नाही. याच्याशी या पुस्तकांवर भांडता येईल का, एवढीच धास्ती होती. हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी कपाळावर हात मारला असता, म्हणून सांगितलं नाही.

लग्न होऊन आले त्याच वर्षी गावपळण होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. आमच्या गावात तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन अख्खं गाव वेशीबाहेर राहायला जातं. अख्खं म्हणजे माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळं. घराला कडी घालायची, देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि ढोल वाजला की निघायचं. तीन दिवस आणि तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कुणी पाऊल टाकत नाही. फक्त देवस्थानचे मानकरी कौल घ्यायला देवळापर्यंत जातात. त्या दिवसांत गाव देवाचं आणि त्याच्या सोबत्यांचं, असं मानतात. चौथ्या दिवशी मानकरी देवाला विचारतात, आणि देवानं हो म्हटलं की सगळे परत. तोवर वेशीपलीकडे खाडीच्या काठी माडाच्या झापांच्या खोपी घालून राहायचं.

घाटाखालून आलेल्या मला हे सगळं येडपटपणाचं वाटलं होतं. पण पहिल्याच दुपारी माझ्या लक्षात आलं की इथे सारवायला अंगण नाही, घासायला समया नाहीत, येणारंजाणारं कुणी नाही. बायकांनी एका चुलीवर भात टाकला, पुरुष पत्ते कुटत बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका सुनेला दिवसाउजेडी करण्यासारखं काही उरलं नाही. मी ट्रंकेतून बरोबर आणलेली, वडिलांनी लग्नात विकत घेऊन दिलेली कंपाउंडरची कादंबरी काढली आणि खोपीच्या तोंडाशी बसले.

नवरा पत्ते टाकून आला. म्हणाला, "काय वाचतंस गो?"

मी सांगितलं. मग वाचून दाखवलं. कंपाउंडरची सासू मरायला टेकली आहे आणि त्याला विचारते, "जावईबापू, मी बरी होईन ना?" आणि हा सांगतो, "नाही." बायको त्याच्याशी बोलणं सोडते. मी कंपाउंडरच्या बाजूची. मी तावातावानं म्हटलं, एकदा खरं बोलायचं ठरवलं की सासू असो की देव, खरंच बोललं पाहिजे, नाहीतर ते खरं कसलं. माझा नवरा झापाला टेकून बसला होता. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "खऱ्याचासुद्धा माणसाक व्यसन लागता. हो माणूस खरा बोलणा नाय, खरा पिता."

मी पुस्तक मांडीवर पालथं घातलं. हे माझ्या प्राध्यापकांना सुचलं नव्हतं. वडिलांनासुद्धा नाही. तीन दिवस आम्ही त्या एका प्रकरणावर भांडत होतो. खाडीवर पाय धुताना, भात वाढताना, चिलटं हाकलताना. शेजारच्या खोपीतली एक आत्या म्हणाली, "नवीन लगीन आणि आतापासून इतको वाद?" आम्ही दोघं हसलो. त्या तीन दिवसांइतकी सुखी मी पुढे कधी झाले नाही, हे आता लिहून टाकायला हरकत नाही.

तेव्हापासून आमचा रिवाज पडला. गावपळणीला एक पुस्तक. लेखक सावकाश लिहिणारा, गावपळण सावकाश येणारी, दोघांचं बरं जमलं. नवं नसेल तेव्हा जुनंच पुन्हा. मधल्या वर्षांत मी चोरूनमारून वाचायची, पण नवं पुस्तक आलं की गावपळणीपर्यंत हात लावायचा नाही, असा माझा नेम. दोन बहिणी एका विहिरीवरून भांडतात, पाणी कुणाचं होऊ शकतं का यावर त्यांचं आयुष्य जातं, ती कादंबरी आम्ही मुलगा अंगावर पीत होता तेव्हा वाचली. मी मुलाला घेऊन बसायची आणि नवरा वाचून दाखवायचा. लांब वाक्यं आली की तो मधली उडवायचा. मला कळायचं. दमला असेल, म्हणून मी गप्प बसायची. पुढची कादंबरी बहिऱ्या होत गेलेल्या माणसाची. ऐकू येईनासं झाल्यावर त्याला कळतं की कान शाबूत होते तेव्हाही आपण कुणाचं ऐकलं नव्हतं. ती मी वाचली आणि नवऱ्यानं ऐकली. तेव्हा हातात मोबाइल आला होता. तो "व्हय, व्हय" म्हणायचा आणि मी ते "व्हय" पदरात पाडून घ्यायची.

मग मुलगा नोकरीला मुंबईला गेला आणि गावात पर्यटन आलं. आमच्या माडांखाली झोपाळे टांगले गेले, पडवीला रंग लागला, आणि नवऱ्यानं होम स्टेच्या जाहिरातीसाठी आमचा दोघांचा फोटो काढून घेतला. त्यात मी हातात पुस्तक धरलंय आणि तो खांद्यावरून डोकावतोय. खाली लिहिलंय, 'वाचनप्रेमी दांपत्याच्या घरी राहा.' पाहुण्यांना तो प्रमाण मराठीत सांगतो, "आम्ही दोघंही वाचतो, बरं का. गावपळणीला तर पुस्तकाशिवाय जातच नाही." पाहुणे मान डोलावतात. पुस्तकांचं कपाट त्यानं बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं आहे. त्याच्यासमोर उभं राहून लोक फोटो काढतात. पुस्तक बाहेर काढून उघडलेलं मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. एकदा एका मुलीनं काढलं, नाकाशी नेलं, "जुना वास!" म्हणाली आणि परत उलटं खोचून ठेवलं.

लेखक गेला त्याची बातमी मला फोनवर कळली. वर एका गिऱ्हाइकानं 'शाकाहारी जेवणाची सोय आहे का' असं विचारलं होतं, त्याच्या खाली ती बातमी. मी चुलीवरची कढई उतरवली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. नवरा आला, काय झालं विचारलं. मी सांगितलं. "मेलो? बरोच म्हातारो होतो ना?" तो म्हणाला. मग माझा फोन उचलून, "व्हेजचा काय कळवू त्यांका?" मी म्हटलं, होय म्हणून कळवा.

गेल्यावर काही महिन्यांनी त्याची शेवटची कादंबरी आली. मी मागवून घेतली. पार्सल फोडलं, वास घेतला, आणि न उघडता मसाल्याच्या बरण्यांमागे ठेवून दिली. त्या वर्षी गावपळण होणार अशी कुजबुज होती. मी नवऱ्याला सांगितलं, "ह्यो शेवटचो. ह्येच्या म्होरं नाय. दोघांनी वाचूया. मोबाइल बाजूक ठेवून." माझं बोलणं असं वैभववाडी आणि किनारा यांच्या मधोमध अडकलेलं आहे, इतकी वर्षं होऊनही. तो म्हणाला, "व्हय गो, वाचूया." आणि या वेळी त्यानं ते माझ्याकडे बघून म्हटलं. मला त्यावर विश्वास ठेवायचा होता. मधल्या वर्षांत आमच्यात जे काही विरलं होतं ते त्या तीन दिवसांत पुन्हा विणता येईल असं मला वाटत होतं. बाकी कशानं येईल असं वाटत नव्हतं. आमच्यात भांडण नव्हतं. भांडायला काही उरलंच नव्हतं, आणि माझी खरी तक्रार तीच होती.

देवानं कौल दिला, दिवस ठरला. मी घोंगड्या आणि चादरींच्या कापडी पिशवीत, मधोमध, पुस्तक घातलं. कोंबड्या डालग्याखाली, मांजर गोणपाटात, कुत्रा साखळीला, तांदूळ, सुकी मासळी, मसाला, सगळं टेम्पोत चढलं. ऐनवेळी कळलं की नवऱ्यानं या वेळी गावपळणीचंसुद्धा बुकिंग घेतलं आहे. मुंबईची आठ-दहा जणं खोपीत राहायला येणार होती, 'अनुभव' घ्यायला. मानकऱ्यांपैकी एक-दोघांनी नाक मुरडलं, पण वेशीबाहेरची जमीन कुणाच्या बापाची नाही म्हणून गप्प बसले. मी काय बोलणार? ढोल वाजला. आम्ही निघालो. वेशीवर नारळ ठेवला, मागे वळून नमस्कार केला.

संध्याकाळी खोपीत चादरी काढताना पिशवीत पुस्तक नव्हतं.

मी सगळ्या पिशव्या उलट्या केल्या. मग नवऱ्याला विचारलं. तो पाहुण्यांसाठी गाण्यांचा मोठा स्पीकर बॅटरीला जोडत होता. मान वर न करता म्हणाला, "ता? ता मी काढून फ्रीजरवर ठेवलंय. टेम्पोत जागा नाय होती. ह्यो स्पीकर खंय ठेवतलंय?"

मी रिकामी पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. तेव्हा त्यानं वर पाहिलं. "अगो, पुस्तकाक काय होतला? तीन दिसांनी थंयच आसतला."

आमचं घर वेशीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी वेशीपर्यंत गेले. नारळ तसाच होता. पलीकडे रस्ता, रस्त्याच्या कडेला आमच्या वाडीचे माड, आणि त्यांच्या मागे एक गाव ज्यात एकही माणूस नाही. असं मोकळं गाव मी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या आयुष्यात त्या घरात मला एकटीनं बसून वाचायला मिळालं नव्हतं, आणि आता ते घर, ते पुस्तक आणि ती शांतता तिन्ही मिळून आत होती आणि मी बाहेर. मी स्वतःला शिकलेली समजते. या लेखकानं मला कशावरही सहज विश्वास ठेवायचा नाही हे शिकवलं. देव आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पाय उचलला नाही. पाप लागेल याची भीती नव्हती. पुढच्या पावसात कुणाच्या मुलाला ताप आला, कुणाची होडी उलटली, की सगळ्या गावाची बोटं माझ्याकडे वळली असती, आणि मला त्या लोकांतच राहायचं आहे. मी देव मानत नसेन, पण वेस मानते. माझ्या लेखकानं यावर पन्नास पानं लिहिली असती आणि मला हसवलंही असतं. मी तशीच माघारी आले आणि दहा माणसांचे तांदूळ धुतले.

ते तीन दिवस कसे गेले याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. स्पीकर गात होता. पाहुण्यांना चुलीवरची भाकरी हवी होती, आणि भाकरी थापताना माझे फोटोही हवे होते. एकानं विचारलं, "काकू, तुम्हाला इथे बोअर नाही होत?" नवरा त्यांना सांगत होता, "पूर्वी आम्ही दोघं इथेच बसून पुस्तक वाचायचो." आणि ते "सो क्यूट" म्हणत होते. मी पीठ मळत ऐकत होते. अधूनमधून मनात यायचं, त्या रिकाम्या गावात देव नाहीतर त्याचा राखणदार देवचार फिरत असेल, आमच्या घरात शिरला असेल, फ्रीजरवरचं पुस्तक त्यानं उघडलं असेल. निदान कुणीतरी वाचतंय, असं म्हणून मी भाकरी उलटायची.

चौथ्या दिवशी मानकरी कौल घ्यायला गेले आणि हात हलवत परत आले. देवानं डावा कौल दिला होता. म्हणजे अजून नाही, आणखी एक दिवस बाहेर. असं कधीमधी होतं. म्हाताऱ्यांनी हात जोडले, बायकांनी पुन्हा तांदूळ काढले. पाहुण्यांचं मात्र पुढे गोव्याचं बुकिंग होतं. दुपार व्हायच्या आत ते गाड्यांत बसून गेले. स्पीकरची बॅटरी संपली होती, नवऱ्याचा मोबाइलही मान टाकून बसला होता. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघंच खोपीत होतो, आणि खाडीचं पाणी ऐकू येत होतं. देवानं तो एक दिवस माझ्यासाठीच ठेवला, असं मला खरोखर वाटलं. विश्वास नसलेल्या माणसाला असं वाटलं की त्याची फार फजिती होते.

नवरा चटईवर आडवा पडला होता. म्हणाला, "गो, सांग मगे कायतरी. त्या पुस्तकातली गजाल सांग."

"खंयच्या?"

"ता पयला. कंपाउंडराचा."

त्याला आठवत होतं. मी सांगायला लागले. सगळं, पहिल्या पानापासून. गोळ्या मोजणारा कंपाउंडर, त्याचा पण, त्याची सासू. पुस्तक हातात नव्हतं तरी वाक्यं तोंडात येत होती. सांगता सांगता मी त्या तीन दिवसांपाशी आले आणि म्हटलं, "तेव्हा तुमी काय म्हणालेलात, आठवता?"

"मी?"

"खऱ्याचासुद्धा माणसाक व्यसन लागता. हो माणूस खरा बोलणा नाय, खरा पिता."

तो हसायला लागला. उठून बसला आणि हसला. "मी असा म्हणालंय? छ्या! माका कसा सुचतला ता?"

"तुमीच म्हणालात. ह्याच खाडीवर."

"आसात. कायतरी बोललो आसान." त्यानं चटईची काडी तोडली आणि दातांत धरली. "खरा सांगू तुका? माका त्या पुस्तकांतला कधी एक अक्षर कळला नाय. तू बोलत होतंस आणि मी तुझ्याकडे बघीत होतंय. बोलताना बरी दिसायचंस तू. नवीन लगीन, कायतरी बोलूक व्हया होता. नायतर तू पुस्तक मिटून उठान गेली असतंस."

"आणि ती विहीर? बहिणींची?"

"ती? ती वाचताना तर मी पानांच्या पानां गाळी होतंय."

"माका कळायचा."

"मगे तेव्हा बोललंस कित्याक नाय?" त्यानं साधेपणानं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याच्या आवाजात खोट नव्हती, कुचकेपणाही नव्हता. तो मोकळेपणानं, अगदी आपलेपणानं बोलत होता, आणि थोड्या वेळानं त्याच मोकळेपणानं झोपीही गेला. मी खाडीकडे बघत बसले. तो माझ्याकडे बघत होता, हे कुणी दुसऱ्या बाईला सांगितलं असतं तर ती लाजली असती. मला संताप आला. माझं आयुष्यभराचं एकच भांडण, ज्याच्या जोरावर मी इतके घावणे उलटले, इतके मासे साफ केले, ते मी एकटीच भांडत होते. समोरच्या माणसानं नुसतं तोंड पाहिलं होतं. आणि मजा अशी की तेव्हा मी कंपाउंडरची बाजू घेतली होती. खरं म्हणजे खरंच बोललं पाहिजे, सासू असो की देव. आता ते माझ्या पुढ्यात येऊन बसलं होतं आणि मला बाजू बदलायची होती. पण बाजू बदलली हे सांगायला समोर जागं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवानं उजवा कौल दिला. ढोल वाजला, कोंबड्या डालग्यात गेल्या, गाव घरी परतलं. घरात शिरून आधी देवापुढे दिवा लावला, मग मी फ्रीजरपाशी गेले. पुस्तक तिथेच होतं. वर पापलेटच्या पिशव्यांचा हिशेब चिकटवलेला, त्याच्या शेजारी, आडवं. ना वाळवी, ना ओल, ना उंदीर. पुस्तकाला काहीही झालेलं नव्हतं. नवरा म्हणाला होता तसंच.

ते मी एकटीनं वाचलं. खोबरं किसायच्या आडाळ्याशेजारी पाट टाकून, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, दोन पानं, तीन पानं. एका शिंप्याची गोष्ट आहे. त्यानं आयुष्यभर अख्ख्या गावाची मापं घेतली. म्हातारपणी नजर गेल्यावर माणूस समोर आला की खांद्यावर हात ठेवून तो नाव सांगतो. आणि मग एके दिवशी स्वतःच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवतो आणि त्याला नाव सांगता येत नाही, कारण तिचं माप त्यानं कधी घेतलंच नव्हतं. ती कपडे दुसरीकडे शिवायची. लाजायची त्याच्यापुढे उभी राहायला. या पानावर मी हसले आणि लगेच रडले, आणि त्याच्या पुस्तकात असं पुन्हा पुन्हा होतं. म्हातारी आली, तिनं बटणाची चौकशी केली. माझा लेखक शेवटच्या पुस्तकातही खट्याळच राहिला होता. मरताना माणूस इतका तल्लख असू शकतो याचं मला फार समाधान वाटलं. ते सुख खोटं नव्हतं, ते मी कुणाला देणार नाही.

पण पानावर बोट ठेवून माझं डोकं आपोआप दाराकडे वळलं. सवयच ती. म्हणायचं होतं, शिंप्याचं चुकलंय की बायकोचं? दारात कुणी नव्हतं. बाहेरच्या खोलीत नवरा नव्या पाहुण्यांना कपाट दाखवत होता.

पुस्तक संपल्यावर काही दिवसांनी जेवताना त्यानं विचारलं. त्याला चुटपुट लागली असावी. मी बांगड्याचं तिखलं वाढत होते.

"कसा होता गो ता पुस्तक?"

माझ्या तोंडात शिंपी होता, त्याची बायको होती, तो हात होता. मी डाव तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. तो जेवता जेवता माझ्या तोंडाकडे बघत होता, मी आता बोलेन म्हणून.

"बरा होता," मी म्हटलं.

"बरा मगे," तो म्हणाला आणि बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला काढून ठेवला.

इतक्या वर्षांत एका पुस्तकावर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.